जोयड्याचा सामू

केंद्र सरकारच्या जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे छापलेले असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. मग जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला या योजनेचा प्रारंभ झाला. सुरतगड म्हणजे कालव्याचं पाणी आलेला वाळवंटी मुलूख. तिथल्या मातीत चुना भरपूर, पाऊस नावापुरता आणि युरियाचा वापर सढळ. अशा शेतकऱ्याला ‘बाबा रे, गोणी जरा आवर’ एवढं पत्रिकेनं सांगितलं, तरी तिचा छपाईखर्च वसूल झाला म्हणायचं.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याचा शेतकरी याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याची जमीन थोडी, तुकड्यांची, उताराची. पाऊस इतका की जून ते सप्टेंबर रानात पाय ठेवायला कोरडी जागा सापडत नाही. खताची गोणी त्याच्यापर्यंत उशिरा आणि कमी पोचली. चारी बाजूंनी जंगल, त्यातलं बरंचसं २००७ पासून व्याघ्र प्रकल्पात, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. अशा ठिकाणी माती तपासण्याची गरज सुरतगडपेक्षा जास्त आहे, आणि आज हातात येते त्या पत्रिकेचा उपयोग मात्र तिथल्यापेक्षा कमी, असं माझं मत आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी पाऊस. तालुक्याच्या पश्चिम कडेला, गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसल रॉकला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या हल्याळला जेमतेम हजार-बाराशे. इतका पाऊस हजारो वर्षं एका जमिनीवर कोसळत राहिला की विरघळण्याजोगं जे जे असतं ते वाहून जातं: आधी चुना, मॅग्नेशियम, पालाश, पुढे सिलिकासुद्धा. मागे उरतं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. हाच आपला जांभा. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारातल्या अंगाडिपुरमला हा दगड विटांसारखा कापून काढताना पाहिला आणि १८०७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट हे नाव दिलं. कोकण-गोव्यातल्या माणसाला त्याच्या नावाशी देणंघेणं नव्हतं. घर बांधायला जांभा उत्तम आणि शेतीला कठीण, हे त्याला ठाऊक होतंच.

कठीण का, तर चुना गेला की माती आंबट होते. तो आंबटपणा सामू मोजतो. सात म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी. त्याखाली एकेक अंक उतरला की आंबटपणा दहापट होतो, म्हणजे पाच सामूची माती सातच्या मातीपेक्षा शंभरपट आंबट. साडेपाचच्या खाली आणखी एक गोष्ट घडते. एरवी मातीच्या कणांत मुकाट बसलेलं अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं खुंटवतं. मूळ आखूड राहिलं की शेजारी ओल असूनही झाड सुकतं, खत असूनही उपाशी राहतं. त्यातच लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून स्फुरदाला असं धरून ठेवतात की दुकानातून आणलेलं सुपर फॉस्फेट मातीत पडताच बरंचसं अडकून बसतं. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, आणि पुढच्या वर्षी तो आणखी टाकतो. खत कमी नव्हतंच, पिकापर्यंत जायची वाट बंद होती. बारा आकड्यांपैकी जोयड्यात सामू आधी वाचायचा तो एवढ्यासाठी. तो वाचल्याशिवाय उरलेल्या अकरांना अर्थ येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जंगलाला लागून असलेली जमीन, वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजलेला, तिला काय धाड भरली आहे? हिरव्यागार डोंगराकडे बघून माती श्रीमंत असणार असं वाटणं साहजिक आहे. पण अतिपावसाच्या जंगलात संपत्ती मातीत फारशी नसतेच. ती झाडांत असते आणि वरच्या वीतभर कुजक्या थरात असते. पान पडतं, कुजतं, आणि त्यातला चुना-पालाश खाली झिरपायच्या आत वरची मुळं तो उचलून पुन्हा झाडात नेतात. झाड तोडलं की हे चक्र थांबतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत खालची खरी, गरीब जमीन उघडी पडते.

हे जोयड्याच्या कुणब्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची कुमरी याच ज्ञानावर उभी होती. डोंगराचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, पावसाच्या तोंडावर जाळायचा, राखेत नाचणी-वरी घ्यायची, एक-दोन वर्षांत जमीन सोडायची आणि ती पुन्हा झाडांनी भरेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश असतो. म्हणजे कुमरी हा आंबट जमिनीचा सामू एका हंगामापुरता वर ओढण्याचा उपाय होता. भाताच्या तरव्यासाठी कवळ, गवत, शेण पसरून जाळायचा राब हे त्याचंच खाचराजवळचं, लहान रूप. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राब म्हणजे अडाणी उधळपट्टी ही वनखात्याची तक्रार तेव्हा जुनीच झाली होती, आणि शेतकरी ती वर्षानुवर्षं ऐकूनही राब सोडत नव्हता. भाजलेल्या मातीतला नत्र लवकर मोकळा होतो, तण मरतं, राखेचा चुना-पालाश मिळतो. शेतकऱ्याकडे हिशेब होता, तो फक्त कागदावर नव्हता.

सरकारनं हा हिशेब कधी विचारला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आधी मद्रास सरकारनं आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आल्यावर मुंबई सरकारनं कुमरीभोवती बंधनांचा फास आवळत नेला. सागवान महत्त्वाचं होतं. त्याच सुमाराला, १८८३ मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. डोंगरावरच्या पाल्याचं, गवताचं, मेलेल्या किड्या-जनावरांचं सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जातं, ते शेतात मुरावं म्हणून सरकारनं आपल्या पलटणी आणि पोलीस लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, असं त्यांनी सुचवलं, आणि जंगलखात्यानं रान बंद करून शेतकऱ्याची जनावरं उपाशी मारली, हेही बजावलं. डोंगर आणि शेत यांचा खतापाण्याचा व्यवहार एकच आहे, हे फुल्यांना दिसलं. दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ जॉन व्होएल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवरच्या अहवालात जवळपास तेच लिहिलं: जळणाला लाकूड नाही म्हणून शेण चुलीत जातं, तेव्हा शेती सुधारायची तर आधी शेतकऱ्याला झाडं द्या. अहवालाचं कौतुक झालं आणि तो कपाटात गेला.

कुमरी परत आणा, असं मी म्हणत नाही. आजच्या लोकसंख्येत आणि उरलेल्या जंगलात ते शक्य नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. राख बंद केली, पण राखेनं जे काम होत होतं ते दुसरं कोण करणार, हा प्रश्न कुणी सोडवला नाही. दीडशे वर्षं या जमिनीतून चुना पावसाबरोबर जातोच आहे, आणि परत घालण्याचा जुना मार्ग बंद आहे. हल्ली युरिया आला, आणि युरिया मातीला आणखी आंबट करतो. अमोनियम सल्फेट त्याहून जास्त. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या नकळत सामू सांभाळला, त्याला आता तो मोजून सांभाळावा लागणार. जोयड्यात माती परीक्षणाची खरी निकड इथून येते.

दुसरं कारण धरणाचं. सुपा हे तालुक्याचं जुनं ठाणं, काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं. काळीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि १९८० च्या दशकात सुपा पाण्याखाली गेलं. पाण्याखाली नेहमी दरीच्या तळाची जमीन जाते, म्हणजे गाळाची, सपाट, पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली खाचरं. डोंगरउताराची वरकस तेवढी वर राहते. उठवलेल्या माणसांतल्या बऱ्याच जणांनी रामनगरला संसार मांडले. अलीकडे व्याघ्र प्रकल्पातली काही कुटुंबंही सरकारी मोबदला घेऊन बाहेर आली आहेत. विस्थापितांबद्दल बोलताना आपण घर, देऊळ, मोबदला मोजतो. मातीची ओळख मागे राहते ती कुणाच्या हिशेबात येत नाही. कोणत्या खाचरात पाणी चार दिवस जास्त ठरतं, कुठे रोप पिवळं पडतं, कुठे शेण घातलेलं लागू पडत नाही, हे आजोबांकडून नातवाला मिळालेलं ज्ञान त्या एका जागेचं असतं. नव्या जागी ते कामाला येत नाही, उलट कधी कधी फसवतं. अशा माणसाला प्रयोगशाळेचा कागद हा शिकण्यातली निदान पहिली दोन वर्षं वाचवतो. मोबदल्याच्या पैशातून जमीन घेणाऱ्यानं सातबाराइतक्याच, कर्नाटकात म्हणायचं तर पहाणीइतक्याच, आग्रहानं मातीचा अहवाल बघावा, व्यवहार ठरण्याआधी. विकणाऱ्याला ते आवडणार नाही, हे उघडच आहे.

एवढी गरज आहे, तर मग पत्रिका तोकडी का पडते? पहिलं कारण चौकटींचं. योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांना एक आणि जिरायती भागात दहा हेक्टरांना एक असा नमुना घेण्याचं ठरलं. सपाट देशावर दहा हेक्टर कदाचित एकच माती असते. ‘खाण तशी माती’ तिथे खरं. जोयड्याच्या दरीत दहा हेक्टरांत वरती जांभ्याची खडकाळ वरकस, मधे पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, तळाला ओहोळाकाठची सुपारीची बाग, आणि या सगळ्यांचे डझनभर मालक. खाण एक, माती तीन. वरची चुना-माती धुपून खाली येते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या तुकड्याचा सामू एक निघाला तरच नवल. नमुना त्यांपैकी एका जागेचा, आणि आकडे सगळ्यांच्या नावे. २०१९-२० मध्ये काही निवडक गावांत प्रत्येक खातेदाराचा वेगळा नमुना घेण्याचा प्रयोग सरकारनं केला, तो याच दोषाची कबुली म्हणायला हवी.

दुसरं कारण मोजपट्टीचं. सेंद्रिय कर्ब पाऊण टक्क्याच्या वर गेला की पत्रिका ‘जास्त’ म्हणते. जंगलालगतच्या जमिनीत तो सहज त्याच्या वर असतो. मग ‘नत्र कमी घाला’ असा सल्ला निघतो. पण आंबट मातीत कुजवणारे जिवाणूच मंद असतात, त्यामुळे कर्बात बांधलेला नत्र वेळेवर सुटत नाही. कोठार भरलेलं आणि दार बंद. दुसऱ्या बाजूनं वरकस जमिनीत खड्यांचं प्रमाण मोठं. प्रयोगशाळा माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते, खाली पडेल तीच तपासते आणि आकडा हेक्टरी किलोत लिहिते. जिथे वजनानं अर्धे खडेच आहेत तिथे हेक्टरी आकडा निम्म्यावर आणायला हवा. पत्रिकेत खड्यांसाठी रकाना नाही. स्फुरदाची गोष्टही अशीच. आंबट मातीला ब्रे पद्धत लागते, चुनखडीच्या मातीला ओल्सेन. आपण दिलेल्या नमुन्यावर कोणती वापरली हे शेतकऱ्यानं विचारावं, आणि विचारल्यावर सांगणं हे प्रयोगशाळेचं काम आहे.

तिसरी गोष्ट भाताची, आणि मला ती सगळ्यांत मनोरंजक वाटते. नमुना उन्हाळ्यात, कोरड्या खाचरातून घेतात. भात मात्र चिखलात वाढतं. माती पाण्याखाली गेली की एक-दोन दिवसांतच तिच्यातला प्राणवायू संपतो, पुढच्या काही आठवड्यांत लोहाचं रूप बदलतं, आणि आंबट मातीचा सामू आपोआप सातच्या दिशेनं चढतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे श्रीलंकेचे फेलिक्स पोनम्पेरुमा यांनी १९७२ मध्ये हे सविस्तर मांडलं. लोहानं धरलेला स्फुरदही त्या वेळी बराचसा सुटतो. जी जमीन मे महिन्यात कागदावर अगदी नालायक दिसते, ती ऑगस्टमध्ये भाताला चांगली सोसते. कोकणाच्या आणि घाटाच्या माणसानं आंबट मातीवर भातच का निवडलं याचं हे एक उत्तर आहे. पण मग त्याच खाचरात भातानंतर ओलाव्यावर कडधान्य किंवा भाजी घ्यायला गेलं की पाणी उतरतं, सामू पुन्हा खाली येतो आणि पीक बसतं. पत्रिकेवरचा सामू भाताला कमी आणि भातानंतरच्या पिकाला जास्त लागू आहे. कोणत्या पिकासाठी विचारतोय हे सांगितल्याशिवाय नमुना देऊ नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

नमुना घेण्याचं काम तासाभराचं, पण बिघडतं ते इथेच. भात कापून खाचर वाळलं की ते करावं, पावसाच्या बऱ्याच आधी, म्हणजे अहवाल हातात यायला आणि चुना आणायला वेळ उरतो. फावड्यानं वीतभर खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा घ्यायचा, त्यातली माती फेकून द्यायची, आणि एका कडेनं वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप उतरवायचा. असे दहा-पंधरा काप, नागमोडी चालत. बांधाजवळ घ्यायचा नाही, शेणखताचा ढीग असतो तिथे नाही, झाडाच्या सावलीत नाही. आणि जोयड्यात आणखी एक: तरव्याचा कोपरा वगळायचा. तिथे दरवर्षी राब भाजलेला असतो, राख मुरलेली असते. त्या कोपऱ्यातली ओंजळभर माती मिसळली तर सगळ्या खाचराचा सामू खोटा वर दिसेल. जस्ताचा मुलामा दिलेली बादली टाळायची, नाहीतर जस्ताचा आकडा बादलीचा येतो. माती सावलीत वाळवून, गोल पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पिशवीत चिठ्ठी टाकताना खाचराचं घरातलं नाव लिहावं. सर्व्हे नंबर कुणाच्या लक्षात राहतो?

सुपारीच्या बागेचा मामला निराळा आहे आणि तिथे परीक्षणाचा उपयोग मला सगळ्यांत जास्त वाटतो, पत्रिकेत न लिहिलेल्या कारणासाठी. पावसाळ्यात कोळेरोग सुपारीची हिरवी फळं गाळतो. त्यावर बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. लेस्ली कोलमन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात हा उपाय रुजवला, आणि मलनाडच्या बागायतदाराच्या पिढ्या त्यावर जगल्या. आता हिशेब करा. एका लिटर मिश्रणात दहा ग्रॅम मोरचूद, म्हणजे अडीच ग्रॅम तांबं. दर पावसाळ्यात दोन-तीन फवारे, दर वर्षी, पन्नास-साठ वर्षं. पानावरून, फळावरून ते शेवटी खालीच उतरतं, आणि तांबं नत्रासारखं उडून जात नाही की पालाशासारखं वाहून जात नाही. वरच्या थरात साठतं. पत्रिका मात्र तांब्याची कमतरता आहे की नाही एवढंच सांगते. कमतरतेची रेषा ओलांडली की शेरा ‘पुरेसं’, मग ते दुप्पट असो की पन्नासपट. पुरेसंच्या पलीकडे एक नको इतकं असतं, आणि आंबट मातीत तेच तांबं गांडुळांना आणि सूक्ष्म जिवांना अधिक जाचतं. बागायतदारानं शेरा न वाचता नुसता आकडा बघावा आणि तीन-तीन वर्षांनी घेतलेले आकडे शेजारी ठेवावेत. फवारा थांबवा असं कुणी म्हणणार नाही, फळं वाचवायचीच आहेत. पण सामू उतरू न देणं हाच तांब्याला आवरण्याचा हातातला उपाय आहे. झाडाला अर्धा किलो चुना दोन-तीन वर्षांतून एकदा, एवढी साधी ती गोष्ट.

आणि स्फुरदाबद्दल, खर्चाच्या बाजूनं: आंबट मातीत खनिज स्फुरद, म्हणजे दळलेला रॉक फॉस्फेट, हळूहळू विरघळून चांगलं काम करतो. तो सुपर फॉस्फेटपेक्षा स्वस्त. चुनखडीच्या देशावर तो निरुपयोगी. एका सामूच्या आकड्यावरून महाग खताऐवजी स्वस्त खत घ्यायचं ठरतं, तेव्हा परीक्षणाचा खर्च पहिल्याच वर्षी निघून जातो.

सेंद्रिय शेतीची भाषा जोयड्यात अलीकडे खूप ऐकू येते. तालुक्याला ती शोभतेही. पण तिच्यातून ‘आम्ही रासायनिक टाकतच नाही, मग तपासायचं काय’ असा एक सूर निघतो, तो मला मान्य नाही. रसायन न टाकणं हे चांगलंच, पण त्यानं पाऊस थांबत नाही. दरवर्षी भाताबरोबर, सुपारीबरोबर, विकलेल्या प्रत्येक पोत्याबरोबर चुना-पालाश शेताबाहेर जातो, आणि उरलेल्यातला काही ओहोळ नेतो. सेंद्रिय शेतकऱ्याला त्याचा हिशेब ठेवायला उलट जास्त कारण आहे, कारण चूक झाली तर त्याच्याकडे झटपट दुरुस्तीची गोणी नाही. शिरसी-सिद्धापूरच्या बागायतदारांना ब्रिटिश काळापासून बेट्टा जमिनीचा हक्क आहे, एका एकर सुपारीमागे नऊ एकरांपर्यंत जंगल पाल्यासाठी. म्हणजे एका एकराची सुपीकता नऊ एकरांच्या जिवावर. असा पाला ज्याला मिळत नाही त्यानं सेंद्रिय म्हणवून घेण्याआधी आपल्याकडे येणारं सत्त्व आणि जाणारं सत्त्व जुळतं का ते पाहावं.

सगळंच तपासायचं वेड मात्र नको. कोन, मुडली, कणगर, सुरण हे जोयड्याच्या कुणब्यांचे कंद. जानेवारीत तिथे त्यांचा मेळाही भरतो. घरामागच्या परसात, चुलीची राख, शेण आणि पालापाचोळा यांवर ते पोसतात, आणि राखेमुळे तिथला सामू बहुधा घराच्या आसपासच्या जमिनीत सगळ्यांत बरा. त्या चार गुंठ्यांचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन काही नवं कळायचं नाही. तिथे चालू आहे ते चालू द्यावं. तसंच, गवा रात्रीत खाचर साफ करून जातो त्या वाडीत सामू सहावर नेऊन तरी काय करायचं? तिथे पहिला खर्च कुंपणाचा.

आकडे सरकारी असले की ते कामाला येत नाहीत, असंही मी म्हणत नाही. भारतात १९५५-५६ मध्ये सोळा प्रयोगशाळांनी माती परीक्षणाची सुरुवात झाली आणि पुढची पन्नास वर्षं सगळी चर्चा नत्र-स्फुरद-पालाशाभोवती फिरत राहिली. कर्नाटक सरकारनं २००९ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर भूचेतना कार्यक्रम घेतला, नव्वद हजारांच्या आसपास नमुने तपासले, आणि जिरायती शेतांत गंधक, जस्त, बोरॉन यांचा दुष्काळ असल्याचं दाखवलं. कुणाच्या ध्यानीमनी नसलेली कमतरता समोर आली, आणि ती भरून काढायला लागणारा माल किलोंत होता, टनांत नव्हता. हा माती परीक्षणाचा खरा विजय. पण तो जिरायती सपाटीवरचा. घाटातला प्रश्न चुन्याचा आहे आणि चुना टनांत लागतो, त्यामुळे नुसत्या कागदानं भागत नाही. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना परंपरेनं होतो, डोलोमाइट बाहेरून येतो. जोयड्यापर्यंतचं भाडं मालाइतकंच महाग पडतं. युरियावर एवढी सबसिडी देणारं सरकार चुन्याच्या वाहतुकीला चार पैसे देऊ शकलं, तर पत्रिकेवरचा सल्ला अमलात येण्याची शक्यता तरी निर्माण होईल. तोवर कृषी अधिकाऱ्यानं ‘चुना घाला’ म्हणणं आणि शेतकऱ्यानं मान डोलावणं, एवढाच व्यवहार.

भाषेचंही एक आहे. पत्रिका कन्नडमध्ये येते, ते योग्यच, तालुका कर्नाटकात आहे. पण घरात कोंकणी बोलणारे आणि मराठी शाळेत शिकलेले बरेच लोक इथे आहेत. सीमावादावर महाजन आयोगापासून आजवर जेवढी शाई खर्च झाली तिच्यातली थोडी पत्रिकेच्या मराठी उताऱ्यावर खर्च करायला कुणाचीच हरकत नसावी. शिरसीचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्याचं आहे, पण जोयड्याच्या माणसाला ते काही शेजारचं नाही. नमुना गोळा करणाऱ्या माणसानं अहवाल घेऊन परतही यावं, आणि खाचराच्या बांधावर उभं राहून तो वाचून दाखवावा.

त्यानंतरची पायरी शेतकऱ्याची. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारानं महाराष्ट्रात द्राक्ष बागायतदारांपासून अनेकांना आपल्याच शेतात प्रयोग करायची सवय लावली. जोयड्यात ती पद्धत चपखल बसते, कारण खाचरं शेजारीशेजारी आणि लहान आहेत. अहवालात सामू पाच निघाला, तर सगळीकडे चुना ओतू नये. जास्त चुन्यानं जस्त आणि बोरॉन पिकाला मिळेनासे होतात. शिवाय सामू सारखा असला तरी चिकण, कुजकट मातीला चुना जास्त लागतो आणि रेताड मातीला कमी, तेव्हा चुन्याची गरज वेगळी काढून मागावी. शेजारच्या दोन खाचरांपैकी एकात सांगितल्याच्या निम्मा चुना घालावा, दुसऱ्यात काही नाही. भातात फरक दिसला नाही तर निराश होऊ नये; पाण्याखाली तो झाकलेला असतो, हे वर आलंच आहे. भातानंतर दोन्हीत मूग किंवा उडीद टाकावा आणि फुलावर येताना दोन-चार रोपं हलक्या हातानं, मातीच्या ढेपेसकट उपटून मुळं पाण्यात धुवावीत. आंबट मातीत मुळांवरच्या गाठी थोड्या, बारीक, आणि नखानं फोडल्यावर आत हिरवट किंवा पांढुरक्या निघतात. जिथे जिवाणू नीट काम करतात तिथे गाठ टपोरी असते आणि आत मांसासारखी गुलाबी. दोन्ही खाचरांची रोपं बांधावर शेजारी ठेवली की चुना लागला की नाही हे कुणालाही दिसतं. शेंगा उतरल्यावर वजन करावं, आणि ते वजन अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, तारखेसकट, लिहून ठेवावं. तीन वर्षांनी पुढचा नमुना त्याच दोन खाचरांतून काढायचा.